पिंजऱ्याचं माप

गाडीत बंड्यानं बसायचं असं ठरलं त्या दिवसापासून दादा फार शहाण्यासारखा वागत होता, आणि घरात सगळ्यांना त्याचीच धास्ती बसली होती.

एरवी तो चिडला की लगेच कळायचं. हत्यारं आपटायचा, आईनं हाक मारली की बहिरा व्हायचा, बायकोशी कामापुरतं बोलायचा. या खेपेला त्यानं धाकट्या भावाची खोली स्वतः झाडून दिली, त्याच्या हेल्मेटची काच पुसून ठेवली आणि वर जेवताना त्याला आग्रह केला. तिकडे खाणीवर तुला कोण वाढतंय, घे अजून, असं म्हणाला. ते ऐकून वहिनीच्या हातातला डाव हवेतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कोणालाही आग्रह करताना पाहिलं नव्हतं. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, आणि मला मुळीच दुखत नाहीये असं हसून सांगणारी माणसं तिच्यासमोर रोज खुर्चीत बसत.

घरामागच्या लांबट खोलीला घरात कारखाना म्हणत. आप्पा नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्या कारखान्यात एकच वस्तू तयार होत होती, ती म्हणजे खडकांवर चढणारी गाडी. तिला ना दारं, ना काचा, ना पत्रा. जाड पाइपांचा सांगाडा, पाठीमागे इंजिन, मोडीत निघालेल्या ट्रकचे आस, आणि आईच्या कमरेला लागतील अशी चाकं, जी या घरातल्या माणसांसारखीच एकमेकांची पर्वा न करता वर-खाली होत. रस्त्यावर आणली असती तर सायकलवाला तिला मागे टाकून गेला असता. पण गावाबाहेरच्या बंद खाणीत, जिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, तिथे ती चढणार होती. दर वर्षी त्या खाणीत अशा गाड्यांची स्पर्धा भरायची, आणि आप्पा दर वर्षी ती बघायला जायचे आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी धड बोलायचे नाहीत.

गाडी आप्पांनी आणि दादानं केली होती. खरं म्हणजे आप्पांनी सांगितली आणि दादानं केली. दिवसभर लिफ्टा दुरुस्त करून तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि मागच्या दारानं कारखान्यात जायचा. सुट्टीच्या दिवशी वहिनीनं कुठे जाऊ या का असं विचारलं की गाडीखालून फक्त त्याचे पाय उत्तर द्यायचे. तिनं विचारणं सोडून दिलं होतं. आपला नवरा एका गाडीला दिलाय असं ती माहेरी हसून सांगायची, आणि हसल्यावर तिला वाईट वाटायचं.

आता फक्त छत राहिलं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

अशा गाडीचं छत म्हणजे चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा पिंजरा. गाडी उलटली तर जीव वाचवतो तो हाच. पण छत उंच ठेवावं तर वजन वर जातं आणि गाडी उलटायलाच बघते. म्हणून माणूस आत बसवायचा, पट्टे आवळायचे, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि हेल्मेटच्या वर चार बोटं सोडून पाइप जोडायचे. आप्पांच्या कारखान्यात या कामाला पट्टी चालायची नाही. माप माणसावरून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. ज्याच्यावरून माप घेतलं, गाडी त्याची.

दादा आईच्या माहेरच्या माणसांसारखा उंच, कारखान्याच्या दारातून वाकून आत येणारा. बंड्या आप्पांसारखा, बुटका आणि रुंद. बंड्याच्या डोक्यावर छत बसलं की दादाला त्या गाडीत मान मोडून बसावं लागणार, म्हणजे बसताच येणार नाही. एवढ्या वर्षांत गाडी कोण चालवणार हे कोणी बोललं नव्हतं. दादाला वाटत होतं ते बोलायची गरजच नाही.

मग बंड्या जिथे कामाला होता त्या दूरच्या खाणीवरचं एक काम संपलं म्हणून तो महिनाभरासाठी घरी आला, आणि गेल्या आठवड्यात आप्पा जेवता जेवता म्हणाले, ‘बंड्या बसेल.’ कारणही दिलं. बंड्यानं तिकडच्या एका मालकाची गाडी स्पर्धेत चालवून दुसरा नंबर काढला होता. दादानं खडकावर कधी चाक घातलं नव्हतं. दादा म्हणाला, ‘बरोबर आहे,’ आणि अजून वाढून घेतलं. ते त्यानं खाल्लं नाही, हे फक्त वहिनीनं पाहिलं.

छत बसवायच्या दिवशी सकाळी बाकीचे चहाला बसले तेव्हा दादा कारखान्यात होता. आदल्या दिवशी आप्पांनी बंड्याला सीटवर बसवून सगळ्या उभ्या पाइपांवर खडूनं खुणा केल्या होत्या. दादाला फक्त खुणेवर पाइप कापायचे होते आणि कापलेल्या टोकाला माशाच्या तोंडासारखा आकार द्यायचा होता, म्हणजे छताचा आडवा पाइप त्यात नीट बसतो.

त्यानं पहिल्या खुणेकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्यावर आपली मूठ ठेवली आणि मुठीच्या वर दुसरी रेघ ओढली.

लांब पाइप नंतर कापता येतो, आखूड पाइप वाढवता येत नाही. कोणीही मान्य केलं असतं. पण मग आप्पांच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसायचं काही कारण नव्हतं, आणि त्यानं त्या पुसल्या. भावाला फसवायचं असं त्याच्या मनात नव्हतं. मनात काय होतं ते त्याला विचारलं असतं तर त्यानं हातातलं कापायचं यंत्र चालू केलं असतं, म्हणजे ऐकू आलं नसतं. त्याच्या पोटात दुखत होतं, आणि ते त्या दुसऱ्या नंबरामुळे नव्हतं. बंड्याला कधी कशासाठी थांबावं लागलं नाही म्हणून होतं. जावंसं वाटलं तेव्हा घर सोडून गेला, यावंसं वाटलं तेव्हा आला, आणि आल्या आल्या त्याच्यासाठी पान वाढलेलं. दादा कुठे गेलाच नव्हता. जो गेलाच नाही त्याचं कोणी स्वागत करत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याचं दार दिसायचं. वहिनीनं उघड्या दारातून दादाला पाइपांवर फडकं फिरवताना पाहिलं. जोड मारून होईपर्यंत खुणा पुसायच्या नसतात, एवढं तर इतक्या वर्षांत तिलाही कळत होतं. चहा गाळता गाळता तिनं मागे वळून पाहिलं. टेबलापाशी बंड्या आईला खाणीतल्या मुकादमाची नक्कल करून दाखवत होता आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. रोज सकाळी याच टेबलापाशी आईच्या तोंडून वहिनी दूध, पाणी आणि गॅस एवढंच ऐकायची. गेल्या वर्षी कारखान्याच्या पायरीवरून घसरून आप्पांच्या डाव्या गुडघ्याची वाट लागली, तेव्हा त्यांना उचलून दवाखान्यात नेलं ते तिनं आणि दादानं. पट्ट्या बदलल्या तिनं. बंड्यानं फोन केला होता, आणि पुढे दोन दिवस घरात त्या फोनचं कौतुक चाललं होतं.

तिनं खिडकीचा पडदा ओढला आणि कपबशा टेबलावर ठेवल्या. कोणाला काही सांगितलं नाही.

गाडीचा शेवटचा मोठा जोड मारताना घरातलं प्रत्येक माणूस कारखान्यात हजर हवं, हा आप्पांचा नियम. आई सीटची उशी घेऊन आली. तरुणपणी ती लोकांचे कपडे शिवायची, आणि अजूनही घरातलं सगळं शिवण तिच्याच हातचं. उशी मांडीवर ठेवून ती स्टुलावर बसली. वहिनी दाराशी उभी राहिली, दादाच्या बाजूला. कोण कुठे उभं राहिलं हे त्या दिवशी सगळ्यांनीच पाहून ठेवलं.

बंड्या बाजूच्या पाइपाला धरून उडी मारल्यासारखा आत शिरला, सीटवर बसला आणि पट्टे आवळले. तो मनातून फार खूश होता आणि ते लपवायची त्याला सवय नव्हती. आप्पांनी त्याला निवडलं होतं. लहानपणापासून या खोलीत त्याचं काम म्हणजे विजेरी धरणं, आणि तीही तो हलवायचा म्हणून बोलणी खाणं. आताही त्याच्यासमोर आप्पा आणि दादा छत साखळीवरून खाली आणत होते, आणि दोघांपैकी कोणी एक शब्द बोलत नव्हतं. आप्पा हात पुढे करायचे आणि हातात पाना यायचा. कोणता पाना हवा ते दादाला कळायचं कसं, हे कोडं बंड्याला कधी सुटलं नव्हतं. खाणीवर तो एवढं मोठं खोदयंत्र चालवायचा, माणसं त्याच्या इशाऱ्यावर बाजूला व्हायची, पण असा न मागता पाना त्याला कोणी दिला नव्हता. आप्पांच्या शेजारची ती जागा दादानं जन्मभर अडवून ठेवली होती. आजच्या दिवस तरी ती आपली, असं त्याला वाटत होतं.

छत खाली आलं, पाइपांच्या तोंडात बसलं. आप्पांनी बंड्याच्या हेल्मेटवर चार बोटं ठेवली. बोटांच्या वर अजून एक मूठ जागा उरली.

आप्पांनी बंड्याला पट्टे सैल आहेत का ते विचारलं, मग खाली घसरून बसलायस का ते विचारलं. बंड्या नाही म्हणाला. आप्पांनी पुन्हा बोटं ठेवून पाहिली, जणू पहिल्या वेळी बोटांचीच चूक झाली होती. बंड्यानं हेल्मेट काढलं आणि उभ्या पाइपांकडे पाहिलं. एकाही पाइपावर खडू नव्हता.

‘दादा, खुणा कुठे गेल्या?’

दादा म्हणाला, हात लागून पुसल्या असतील.

‘तुझा हात कापताना चुकत नाही,’ बंड्या म्हणाला. ‘मी तरी कधी चुकलेला पाहिला नाही.’

ही तक्रारच होती, पण तिच्यात इतकं कौतुक होतं की दादाला वर बघवेना. उत्तर दिलं ते वहिनीनं.

‘चुकला नाहीच, भावोजी. मापानंच कापलंय. ज्यानं गाडी केली त्याच्या मापानं.’

मग जे व्हायचं ते झालं. आई सुनेला म्हणाली की पुरुषांच्या कामात तू कशाला बोलतेस, आणि सून म्हणाली की गुडघ्याच्या पट्ट्या बदलताना हे कोणाला आठवलं नव्हतं. घराची मागची भिंत पडली तेव्हा ती कोणाच्या पैशानं आणि कोणाच्या हातानं उभी राहिली, तो जुना विषय निघाला. बंड्यानं खाणीवर असताना पाठवलेल्या वस्तू निघाल्या, त्या वस्तू किती वेळा दुरुस्त कराव्या लागल्या तेही निघालं. आप्पा मध्ये उभे राहून दोन्ही हात खाली-वर करत होते, रस्त्यावरचा पोलीस गर्दीला थांबवतो तसे, आणि गर्दी थांबत नव्हती.

‘मी फोन केला की आप्पा काय म्हणतात माहितीये तुला?’ बंड्या सीटमध्ये बसूनच दादाला म्हणाला. ‘“थांब, दादाला देतो.” गाडीचं विचारलं, दादाला विचार. तब्येतीचं विचारलं, दादा सांगेल. मी माझ्या बापाला फोन करत होतो की तुला? सगळा बाप तुझ्याकडे. आणि मला एक सीट मिळाली तर ती तुझ्या डोळ्यांत खुपली.’

दादाला आश्चर्य वाटलं. ज्याचा आपण हेवा करतो तो आपला हेवा करत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ते ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तो एवढंच म्हणाला, ‘तू फोनवर होतास. मी इथे होतो.’

‘उतर,’ आप्पा म्हणाले.

बंड्याला वाटलं आप्पा दादाला बसवणार, आणि दादालाही तेच वाटलं. बंड्यानं पट्टे सोडले आणि उतरला. त्याच्या हातातलं हेल्मेट आप्पांनी घेतलं, डोक्यात घातलं, आणि बाजूच्या पाइपाला धरून स्वतः आत शिरायला लागले. उजवा पाय गेला. डावा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. सीटवर बसल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि समोर बघितलं, कारखान्याच्या भिंतीकडे, जिथे फक्त पाने टांगलेले होते.

बंड्या ज्या उंचीला बसला होता, आप्पा बरोबर त्याच उंचीला बसले होते.

‘मला वाटलंच,’ आई म्हणाली. ‘या दोघांच्या विजारी मी आजवर एकाच मापावर बेतल्यात. उशी बंड्यासाठी शिव म्हणाले, आणि दर वेळी बसून बघायला हेच.’

कोणी हसलं नाही. बंड्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, ते वहिनीनं पाहिलं, आणि तिचा राग आपोआप कमी झाला. इतका वेळ त्या चेहऱ्यावर काय काय होतं ते तिला आता कुठे कळलं.

‘म्हणजे माप माझं हवं होतं,’ बंड्या म्हणाला. ‘मी नको होतो.’

आप्पांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

‘माझ्यासाठी करतोय म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात. या वयात, या गुडघ्यावर. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या केल्या मी. एक आपली असावी असं वाटलं. वाटलं, छत एकदा बसू दे. बसल्यावर कोण कापणार.’

तोंडानं ते एवढंच म्हणाले. बाकीचं ते बोलले नाहीत, पण ते त्यांच्या मनात कितीतरी दिवसांपासून होतं. पोरांसारखी पोरं, आणि आपल्याला त्यांचा हेवा वाटतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दादा गाडीखाली उकिडवा बसायचा आणि कशालाही न धरता उठायचा, ते त्यांना बघवत नसे. मघाशी बंड्या उडी मारून आत शिरला तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडे वळवली होती. स्पर्धेत तरणी पोरं गाड्यांतून उतरून एकमेकांच्या पाठी थोपटत, आणि आप्पा बाहेर बसून मनातल्या मनात प्रत्येकाची चूक काढत. त्यांना ती गाडी हवी होती. दोन्ही मुलगे नाराज झाले तरी चालेल, इतकी हवी होती.

‘ब्रेक बघू या,’ ते म्हणाले, आता मागे फिरायचं नाही अशा आवाजात.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचललेली होती, चाकं अधांतरी. ब्रेक बघायची त्यांची पद्धत ठरलेली होती. आप्पा एरवी हातानं पेडल दाबायचे आणि दादा पुढचं चाक फिरवून बघायचा. खडकावर ब्रेक हाच सगळा खेळ असतो. उजव्या पायानं इंजिनाला जोर द्यायचा आणि त्याच वेळी डाव्यानं ब्रेक धरून ठेवायचा, नाहीतर गाडी उतारावरून मागे सुटते. आज आप्पांनी डावा पाय पेडलवर ठेवला. दादा पुढच्या चाकाशी खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी टायर धरला.

‘धरला?’ आप्पांनी विचारलं.

चाक दादाच्या हातात सावकाश फिरत होतं. त्यानं वर पाहिलं. पेडलवरचा पाय थरथरत होता आणि हेल्मेटखालचा चेहरा घामानं भिजला होता. दादानं मान खाली घातली आणि खांदा टायरला लावला. चाक थांबलं.

‘धरला,’ तो म्हणाला.

आईच्या आणि वहिनीच्या बाजूनं चाक थांबलेलं दिसत होतं. बंड्या बघतच नव्हता, तो हातमोजे काढून टाकत होता. आप्पांना मात्र सीटवरून दादाचा खांदा दिसत होता. ते बराच वेळ त्या खांद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय हातानं उचलून पेडलवरून बाजूला ठेवला.

‘खडकावर नाही जमायचं मला,’ ते हळूच म्हणाले. फक्त दादाला ऐकू जाईल इतकं हळू. ‘छताचं तुला हवं तसं कर. पाइप कापलेत तसे राहू देत. बस तू.’

दादा उठला. गुडघ्याला हात न लावता उठला, आणि आप्पा ते बघतायत हे लक्षात आल्यावर उगाच चाकाला धरल्यासारखं केलं.

आता सगळं त्याच्या हातात होतं. छत त्याच्या मापानं वर बसलेलं होतं, आप्पांनी परवानगी दिली होती, फक्त जोड मारायचे बाकी होते. दाराशी वहिनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत काय आहे ते त्याला न विचारता कळत होतं. आता घे. इतकी वर्षं दिलीस, आता हे एक घे. बंड्या मोजे खिशात कोंबून दाराकडे निघाला होता. त्याला आजच्या बसनंच परत जायचंय, असं तो आईला सांगत होता, आणि आई त्याच्या बाहीला धरून होती.

छत खाली आणलं तर आप्पांना आपल्या गाडीत आपल्या मापाच्या पिंजऱ्याखाली बसता येईल, इथे कारखान्यात, दार लावून, वाटेल तितका वेळ. पण छत आप्पांच्या मापाचं झालं की ते बंड्याच्याही मापाचं झालं. आप्पा खडकावर जाऊ शकत नाहीत, म्हणजे खडकावर बंड्या जाणार. एकाला द्यावं तर ते दुसऱ्यालाही मिळत होतं, त्याला काही इलाज नव्हता. दादानं दोनदा तिसरा मार्ग शोधून पाहिला. पाइपाला तिसरा मार्ग नसतो.

त्यानं खिशातून खडू काढला.

‘उतरू नका,’ तो आप्पांना म्हणाला. ‘ताठ बसा.’

त्यानं हेल्मेटवर चार बोटं ठेवली. रेघ ओढली. दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा ठेवली, पुन्हा ओढली. छत साखळीनं वर घेतलं, ठिणग्यांचं जाड कापड आप्पांच्या अंगावर पसरलं आणि ग्राइंडर चालू केला. वहिनीनं तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं, आणि ते नवऱ्याच्या मोठेपणामुळे होतं की मूर्खपणामुळे ते तिला सांगता आलं नसतं. पाइपांचे तुकडे एकेक करून खाली पडले. त्यांना माशासारखी नीट तोंडं होती, सकाळी घासूनपुसून केलेली.

नवी तोंडं करायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ आप्पा कापडाखाली तसेच ताठ बसून राहिले. आई स्टूल ओढून त्यांच्या जवळ जाऊन बसली होती. बंड्या गेला नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, रागावलेल्या माणसाला जेवढं लांब उभं राहता येतं तेवढ्या लांब.

‘छत धरायला माणूस लागतो,’ दादा त्याच्याकडे न बघता म्हणाला.

बंड्या जागचा हलला नाही. मग आला. मोजे पुन्हा घातले आणि साखळीवरून खाली येणारं छत दोन्ही हातांनी धरून त्या चार तोंडांत बसवलं. ते घट्ट बसलं.

‘हे माझ्यासाठी करतोयस?’ त्यानं विचारलं.

‘नाही,’ दादा म्हणाला.

आणि ते खरंच होतं. त्यानं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली. आत अंधार होता आणि आपला चेहरा आता कोणाला दिसत नाही याचं त्याला बरं वाटलं. स्पर्धेच्या दिवशी या सीटवर बंड्या बसेल. लोक बंड्याचं नाव घेतील. आप्पा गर्दीतून वाट काढत जातील ते बंड्याकडे, आणि गाडी कोणी केली हे कोणी विचारलं तर सगळे मिळून म्हणतील, घरच्यांनी. हे सगळं त्याला त्या अंधारात अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि पोटात सकाळइतकंच दुखत होतं, तसूभरही कमी नाही.

‘हात हलवू नकोस,’ तो भावाला म्हणाला, आणि त्या गाडीतून आपल्याला कायमचं बाहेर ठेवणारा पहिला टाका त्यानं मारला. तो सरळ पडला.